येसर कुणाच्या हातचं

लातूरच्या एका सरकारी कचेरीत जेवणाच्या सुट्टीत एक लहानसं खोटं नेमानं बोललं जायचं, आणि ते बोलणारा माणूस अगदी सज्जन होता. प्रीतम सोनकांबळे हा तिथला कारकून. टेबलाखालच्या पिशवीतून तो येसराची पाकिटं काढायचा आणि मागेल त्याला द्यायचा. कुणी विचारलंच, "कुणाकडचं हो हे?" तर म्हणायचा, "हाय एक बाई ओळखीची. लई स्वच्छ करते." मंडळी पाकिटाचा वास घ्यायची, वा वा करायची आणि पुढच्या खेपेचं सांगून जायची.

ती ओळखीची बाई म्हणजे प्रीतमची लग्नाची बायको, महामाया.

येसर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गहू, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने, जिरं, खोबरं, मिरच्या आणि गरम मसाला हे सगळं वेगवेगळं भाजून एकत्र दळायचं, की झालं येसर. पाण्यात कालवून फोडणीला घातलं की आमटी तयार. मराठवाड्यात लग्नाच्या पंगतीत पाव्हणे आधी आमटी चाखतात आणि मग नवऱ्या मुलाकडे बघतात, असं म्हटलं तर फार चुकीचं होणार नाही. महामायाच्या येसराला जी खमंग चव होती ती उगाच नव्हती. एकेक जिन्नस ती मंद आचेवर भाजायची आणि पूर्ण निवल्याशिवाय गिरणीत न्यायची नाही, मग गिरणीवाला कितीही घाई करो.

आता अशा बाईनं आपलं नाव का लपवावं, हे तुम्हाआम्हाला कुणी समजावून सांगायला नको. 'सोनकांबळे' हे आडनाव ऐकलं की आपल्याकडे काही जणांच्या घशाखाली घास उतरत नाही. तोंडावर तसं कुणी म्हणत नाही; सुशिक्षित झालो आहोत ना आपण! आता फक्त "बघू, नंतर सांगतो" म्हणतात, आणि ते नंतर काही येत नाही. महामायानं सुरुवातीला नावानिशी पाकिटं काढली होती. गल्लीबाहेर एक पाकीट गेलं नाही. नाव काढलं आणि तेच येसर हातोहात खपायला लागलं. तेव्हापासून प्रीतम सकाळी पिशवी भरताना पाकिटं उलटीपालटी करून बघायचा, कुठे जुनी चिठ्ठी चिकटलेली राहिली नाही ना म्हणून. महामाया ते बघायची आणि पोळ्या लाटत राहायची.

एक दिवस प्रीतमचा भाचा आदर्श घरी आला. लातुरात कोचिंग क्लासेसना तोटा नाही, आणि त्यांच्या जाहिराती इंटरनेटवर चालवण्याचा आदर्शचा धंदा बरा चालला होता.

"मामी, तुझा ब्लॉग काढू," तो म्हणाला.

"ब्लॉग म्हंजे?"

"म्हंजे इंटरनेटवरचं आपलं पान. तिथं आपल्या मालाबद्दल लिहायचं. लोक वाचतेत, इस्वास बसला की फोन करतेत. दुकानाचं भाडं न्हाई, कुणाच्या उंबऱ्यावर जाऊन उभं राहायचं न्हाई."

ही शेवटची गोष्ट महामायाला फार आवडली. आदर्शनं तिथंच बसून ब्लॉग तयार केला आणि फोन तिच्यापुढे धरला. वर ठसठशीत अक्षरात नाव होतं, 'पाटलीणबाईंचं येसर'. खाली नाकात मोठी नथ, अंगावर भरजरी लुगडं आणि चेहऱ्यावर तूप ओतल्यासारखं हसू असलेल्या एका बाईचा फोटो. त्याखाली, 'पिढ्यान्‌पिढ्यांची खानदानी चव, थेट आमच्या स्वयंपाकघरातून!'

"ही कोण बाई?" महामायानं विचारलं.

"कुणी न्हाई. नेटवरची हाय."

"आन् पाटलीण कोण?"

"तूच की आता," आदर्श हसला. प्रीतम हसला नाही, पण नको असंही म्हणाला नाही.

"माझं नाव कुठंच न्हाई रे ह्याच्यात."

"मामी, मार्केट समजून घे. मी सोता कार्डावर 'आदर्श के.' लिहितो. ह्या 'के'चं काय करायचं ते ज्याचं त्यानं करावं. कुणी कुलकर्णी समजलं तर समजू दे, माझं काय जातंय?"

पोरगं हुशार होतं, कष्टाळू होतं, आणि एका अक्षराच्या आड अख्खं घराणं लपवून गावभर हिंडत होतं. त्याचा राग यावा की कीव, हे महामायाला ठरवता येईना. मग आपणही तेच करतोय हे तिच्या लक्षात आलं.

ब्लॉग निघाला खरा, पण तिकडे कुणी फिरकेना. आदर्शनं घाईघाईत धन्याचे फायदे, जिऱ्याचे फायदे असं काहीबाही इकडून तिकडून उचलून टाकलं होतं. महिने गेले. पाटलीणबाई पानावर एकट्याच हसत बसल्या होत्या.

गंजगोलाईच्या बाजाराच्या मागच्या गल्लीत बुशरा मॅडमचा कॉम्प्युटर क्लास होता. बचत गटाच्या बायकांसाठी तिथं दर रविवारी धंद्याचा ब्लॉग कसा काढावा, कसा सुधारावा हे शिकवायचे. महामाया जाऊ लागली. बुशरा वयानं तिच्याहून लहान, पण शिकवताना कुणाची भीड ठेवायची नाही. तिनं एका रविवारी महामायाचा ब्लॉग सगळ्यांपुढे पडद्यावर लावला आणि शांतपणे वाचला.

"ताई, राग मानू नका," ती म्हणाली. "हे वाचून येसर कसं लागतं ते मला समजलं न्हाई, आन् कोण करतं ते बी न्हाई. हे धन्याचे फायदे तर जिथं बघावं तिथं हायत, असेच्या असे. तुमचं गिऱ्हाईक तुम्हाला सारखं काय विचारतं?"

"गुठळ्या का होतेत, हेच."

"मग त्याच्यावर लिहा की! एका लेखात एकच गोष्ट. बोलता तसं लिहा, निबंध लिहू नका. नाव असं द्या की वाचणाऱ्याला आत काय हाय ते कळावं. फोटो खिडकीपाशी उजेडात काढा, आन् तुमच्याच कढईचा काढा. फोन नंबर वरच ठेवा, शोधायला लावू नका. कुणी खाली काही लिहिलं तर त्याच दिवशी उत्तर द्या. आन् नेम धरा. सणाला धपाधप लेख टाकायचे आन् मग सामसूम, असं केलं तर लोक दुकान बंद पडलं समजतेत."

महामायानं घरी जाऊन लिहायला घेतलं. लिहिलं ते असं: 'उकळत्या पाण्यात वरून येसर भुरभुरवलं की गुठळ्या होणारच. मोठ्या घरची सून असली तरी होणार. आधी वाटीत गार पाण्यात येसर कालवा, बोटाला गोळी लागेनाशी झाली की फोडणीत ओता आणि हात थांबवू नका. फोन आला तरी घेऊ नका.' स्वतःच्या काळ्या कढईचा फोटो काढून लावला.

त्या लेखानं कमाल केली. उदगीरहून, देगलूरहून, नांदेडहून बायका लिहू लागल्या. कुणी म्हणे सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या हसल्या. कुणी म्हणे आज पहिल्यांदा आमटी साधली. महामाया प्रत्येकीला उत्तर द्यायची. पुढच्या आठवड्यात तिनं जिन्नस निवू का द्यायचे यावर लिहिलं, मग येसर पावसाळ्यात कसं ठेवायचं यावर. मागण्या येऊ लागल्या, घराला येसराचा वास कायमचा लागला आणि प्रीतम पाकिटं भरायला मदत करू लागला. वर पाटलीणबाई हसतच होत्या.

क्लास सुटल्यावर बुशरानं तिला थांबवलं. "ताई, लेख झकास. पण 'आमच्याविषयी' ह्या पानावर ह्या पाटलीणबाई कोण?"

"मॅडम, नाव का लपवलं ते तुम्हाला कळत न्हाई का?"

"कळतं. मलाच कळतं. हा क्लास काढला तवा सगळे म्हणाले, पाटीवर बुशरा लिहू नको, नुसतं 'कॉम्प्युटर क्लास' ठेव, लोक बिचकतेत. मी लिहिलं. पहिल्यांदा बाकं रिकामी राहिली, अब्बा माझ्याशी बोलायचे न्हाई. मग ज्या पोरी आल्या त्या माझं नाव वाचून, मला बघून आल्या. त्या कुणाच्या सांगण्यानं सोडून गेल्या न्हाईत."

"तुमचं शिकवणं हाय. माझं खाण्याचं हाय. त्यात फरक पडतो."

"हाव, पडतो. जास्ती अवघड हाय, मान्य. पण ताई, गुठळ्यांच्या लेखात एक शब्द खोटा न्हाई म्हणून लोक आले. आन् जिथं तुम्ही त्यांना म्हणता, माझ्यावर इस्वास ठेवा, तेच पान खोटं! कुणीतरी एक दिवस विचारणारच, कोणत्या गावच्या पाटलीण तुम्ही? मग?"

महामाया चिडली. "मॅडम, नावानं पोट भरत न्हाई. पाकिटं पडून राहिली की मुंग्या खातेत."

"न्हाई भरत," बुशरा म्हणाली. "पण उद्या धंदा वाढला तर तो कुणाचा वाढला म्हणायचं? त्या फोटोतल्या बाईचा?"

महामाया तशीच जिना उतरली. घरी येईपर्यंत ती मनातल्या मनात बुशराशी भांडत होती, आणि प्रत्येक वेळी हरत होती.

अशातच निलंग्याहून फोन आला. तिथल्या एका मोठ्या घरात नातीचं लग्न होतं. नातीनं गुठळ्यांचा लेख आजीला वाचून दाखवला होता आणि आजीनं हुकूम सोडला होता की लग्नाचं सगळं येसर याच बाईकडून घ्यायचं. एवढी मोठी मागणी महामायाला आजवर आली नव्हती. पण त्या घरात एक रीत होती. लग्नाचं येसर जिच्या हातचं, तिनंच मुहूर्ताला उखळात पहिली मूठ घालायची. पूर्वी ती मूठ घरातलीच बाई घालायची. आता उखळ पूजेपुरतं उरलं होतं आणि येसर विकत यायचं, तरी रीत सुटली नव्हती. तेव्हा बाईंनी आधी एकदा भेटायला यावं, बोलणं करावं, असा निरोप होता.

"जाऊ नको," प्रीतम म्हणाला. "तब्येत बरी न्हाई म्हणून सांग आन् पाकिटं धाडून दे."

"जा की, मामी," आदर्श म्हणाला. "नथ घालून जा. विचारलं तर म्हणावं, उदगीरकडचे पाटील. एवढं कोण शोधत बसतंय?"

शोधत बसत नाही? अहो, आपल्याकडे एसटीत शेजारी बसलेला माणूस दोन थांब्यांच्या आत तुमचं गाव, पाव्हणे आणि सोयरीक काढतो. मुंबई-पुण्याच्या जाहिरातीत पाटलीणबाई खपून जातात, कारण तिथं कुणी कुणाला विचारत नाही. इथं पाटलीणबाई म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला. ही साधी गोष्ट जाहिरातीच्या नादात तिघांच्याही लक्षात आली नव्हती.

महामाया निलंग्याच्या बसमध्ये बसली. पर्समध्ये बाजारातून घेतलेली खोटी नथ होती. वाटेतल्या प्रत्येक गावाची पाटी दिसली की ती मनात म्हणून बघायची, आम्ही इथले पाटील. एकही गाव तोंडात बसेना. कुठल्याशा थांब्यावर एक बाई लेकराला घेऊन चढली आणि सवयीनं विचारती झाली, "कुठं चालला, ताई? गाव कोणतं?" "लातूर," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली. आपण आपल्याच मुलखात चोरासारखे निघालोय, असं तिला वाटलं आणि फार वाईट वाटलं.

घर रस्त्यालगतच होतं, नवीन स्लॅबचं, दारात मोटार. ओसरीवर प्लास्टिकच्या खुर्चीत आजी अडकित्त्यानं सुपारी कातरत बसल्या होत्या. गुणाबाई त्यांचं नाव, पण ते महामायाला पुष्कळ नंतर कळलं. सारा गाव त्यांना पाटलीणबाईच म्हणायचा.

"या, या, बसा," आजी म्हणाल्या. "गुठळ्यांचं तुम्हीच लिवलं का? बरोबर लिवलंय. आजकालच्या पोरी उकळत्या पाण्यात टाकतेत आन् मग चमच्यानं मारत बसतेत." सून पाणी घेऊन आली. आजींनी डोळे बारीक करून बघितलं. "फोटोत तुम्ही येगळ्याच दिसता. आन् नथ कुठाय?"

"पर्समध्ये," महामायाच्या तोंडून निघून गेलं.

आजी हसल्या. "बरं, कोणत्या गावच्या पाटलांच्या तुम्ही? आमचे पाव्हणे निघायचे बघा कुठंतरी."

म्हातारी मनापासून खूश होती. नातं निघेल या आशेनं तिनं सुपारी तशीच हातात धरली होती. महामायानं गावाचं नाव घ्यायला तोंड उघडलं, आणि तिच्या डोळ्यांपुढे तिची कढई आली. धुरात डोळे चोळत भाजलेला एकेक जिन्नस आला. हे सगळं उचलून त्या नेटवरच्या बाईच्या पदरात घालायचं? कशासाठी!

"मी कुठल्याच पाटलांची न्हाई, आजी," ती म्हणाली. "मी महामाया प्रीतम सोनकांबळे. लातूरला दोन खोल्यांत राहते. फोटोतली बाई कोण हाय ते मला बी ठाव न्हाई. तेवढं खोटं बोलले, ते चुकलं माझं. पण येसर माझं हाय. भाजलं मी, दळून आणलं मी, लिवलं बी मीच."

सून आत निघून गेली. आजींनी सुपारी कातरली, तोंडात टाकली आणि बराच वेळ चघळली.

"असं कर," शेवटी त्या म्हणाल्या. "येसर चांगलं हाय. ते आम्ही घेऊ. पाकिटं कोरी धाड. मुहूर्ताला आमची सून बसंल. तुझं नाव निघायला नको, आन् आमच्या घरात बोलाचाली बी नको. कुणाचंच वाईट व्हायचं न्हाई."

मघाशी 'तुम्ही' होतं, आता 'तू' झालं. आडनाव ऐकल्याबरोबर झालं. ते महामायाच्या कानाला बरोबर लागलं, जसं आयुष्यभर लागत आलं होतं. वाचकहो, शिव्या देणारा माणूस परवडतो, कारण त्याच्याशी भांडता येतं. हे असं गोड बोलून तुमचं येसर ठेवून घेणारं आणि तुम्हाला दाराबाहेर ठेवणारं शहाणपण फार अवघड असतं. मागणी मोठी होती. मान हलवली असती तर काम झालं असतं.

महामाया उठून उभी राहिली. "न्हाई आजी. येसर पाहिजे तर नावासकट घ्या. कोऱ्या पाकिटातून मी लई पंगतींत गेले. आता बास. तुमच्या नातीच्या लग्नात मला चोरून यायचं न्हाई."

ती पायऱ्या उतरली. मागं वळून बघावं असं तिला वाटलं नाही.

घरी प्रीतम वाट बघत होता. सगळं ऐकून तो खाली बसला. "आता गावभर व्हईल. कचेरीतले बी घ्यायचे न्हाईत."

"न घेऊ देत. तुमच्या त्या ओळखीच्या बाईला मी निलंग्यात सोडून आले. ती आता परत यायची न्हाई."

"मला भ्या वाटतं, माया."

"मला बी वाटतं," ती म्हणाली. "पण पाकीट उलटंपालटं करून बघणारा नवरा बघितला की मला त्याहून जास्ती वाईट वाटतं."

प्रीतमला हे ठाऊक नव्हतं, की ठाऊक असून त्यानं कधी मान वर केली नव्हती, कोण जाणे. त्यानंच फोन करून आदर्शला बोलावून घेतलं.

ब्लॉगचं नाव बदललं: 'महामाया सोनकांबळे यांचं येसर'. नथवाली बाई गेली. तिच्या जागी खिडकीपाशी कढई हलवणारी महामाया आली, केसाला पिठाचा हात लागलेली. आणि तिनं लिहिलं:

'आजवर या पानावर जिचा फोटो होता ती बाई मी नाही. पाटलीणबाई नावाची कुणी इथं येसर करत नाही. मी करते. आम्ही बौद्ध आहोत. नाव सांगितलं तर पाकीट खपत नाही म्हणून मी ते लपवलं. खोटं बोलले त्याची माफी मागते. नाव माझं आहे त्याची मागणार नाही. ज्यांना माझ्या हातचं चालतं त्यांनी घ्यावं. ज्यांना चालत नाही, त्यांना ते आजवर चालत होतं, एवढं त्यांनी ध्यानात ठेवावं.'

आदर्शनं ते दोनदा वाचलं. मग हळू आवाजात विचारलं, "मामी, खाली लिहू का, ब्लॉग कुणी बनवला ते?"

"लिही की. पण पुरतं लिही."

त्यानं लिहिलं, आदर्श कांबळे.

आणि मग जे व्हायचं ते झालं. मागण्या थांबल्या. कचेरीत काहींनी डॉक्टरनं मसाला बंद सांगितल्याचं कारण दिलं. एकाच आठवड्यात इतक्या जणांना सांगणारा तो डॉक्टर कोण, हे प्रीतमला काही कळेना. पण त्यानं पिशवी टेबलाखालून काढून टेबलावर ठेवली. पाकिटांवरची नावं समोरच्याला दिसतील अशी लावली आणि कुणी विचारलं की सांगू लागला, "माझी बायको करते." ज्यांनी घेतलं ते पूर्वीपेक्षा थोडे होते. प्रीतमला मात्र त्या टेबलावर इतक्या वर्षांत इतकं मोकळं कधी वाटलं नव्हतं.

ब्लॉगवर खाली कुणीतरी लिहिलं, 'हे आधी सांगितलं असतं तर घेतलंच नसतं.' आदर्श म्हणाला, पुसून टाकू. महामायानं बुशराला फोन लावला.

"पुसू नका," बुशरा म्हणाली. "उत्तर द्या. ब्लॉगला खरी चव अशा उत्तरांनीच येते."

महामायानं लिहिलं, 'तुम्ही खाल्लं. तुम्हाला आवडलं म्हणून पुन्हा मागवलं. चव तीच आहे. तेव्हा बदललं असेल ते तुमच्याकडे, माझ्याकडे नाही.' त्या उत्तराखाली देवणीच्या एका बाईनं लिहिलं, की मीही तूप विकते आणि माझंही नाव मी कुठं लिहीत नाही; आता लिहिते. मग अर्धापूरच्या केळीचे वेफर करणाऱ्या बुद्धप्रियानं लिहिलं. मग आणखी कुणी. मागण्या एकेक करून, सावकाश येऊ लागल्या, आणि आता मागणारीला माहीत असायचं की आपण कुणाकडून घेतोय.

लग्न जवळ आलं तेव्हा निलंग्याहून पुन्हा फोन आला. या वेळी आजी स्वतः बोलत होत्या.

"नातीनं तुझं सगळं वाचून दाखवलं," त्या म्हणाल्या. "मला पहिल्यांदा राग आला. मग मी इचार केला. सगळा जन्म मी ह्या घरात येसर कुटलं. लोक म्हणायचे पाटलाच्या घरचं येसर. मला गाव पाटलीणबाई म्हणतंय. माझं नाव गुणाबाई हाय हे माझ्या सुनेला बी रेशनकार्डावर वाचून कळलं. मी कवा भांडले न्हाई. तू भांडलीस."

महामायानं कढईखालचा गॅस बंद केला.

"आन् तुला मी त्या दिवशी कोरी पाकिटं मागितली. माझं नाव जसं सगळ्यांनी पुसलं, तसंच मी तुझं पुसाया निघाले व्हते. आता नावाची पाकिटं घेऊन ये. पहिली मूठ तूच घालायची."

"लोक उठून जातील, आजी."

"जाऊ देत."

आणि एक बाई खरंच उठून गेली. मुहूर्ताच्या दिवशी ओसरीवर बायका जमल्या होत्या, मधोमध हळदकुंकू लावलेलं उखळ होतं. महामाया पायरी चढून आली. कुणीतरी विचारलं, "पाटलीणबाई, ही कोण?"

"ही महामाया सोनकांबळे. लग्नाचं येसर हिच्या हातचं हाय," आजी मोठ्यानं म्हणाल्या. कोपऱ्यातल्या एकीनं पदर सावरला आणि चपला शोधू लागली. आजींनी तिच्याकडे बघितलं सुद्धा नाही. त्यांनी स्वतः सरकून उखळापाशी जागा केली.

"या, महामायाबाई, इथं बसा," त्या म्हणाल्या. "आन् मला पाटलीणबाई म्हणू नका. मी गुणाबाई."

"बरं, गुणाबाई," महामाया म्हणाली, आणि तिनं मूठ भरून येसर उखळात घातलं.

वाचकहो, धंद्याचा ब्लॉग काढायचा असेल तर बुशरा मॅडमनं सांगितलेलं सगळं करा. गिऱ्हाइकाच्या प्रश्नावर लिहा, उजेडात फोटो काढा, नेम चुकवू नका. पण त्याआधी पहिल्या पानावर आपलं नाव लिहा, पुरतं लिहा. आणि तुम्ही विकत घेणारे असाल, तर वस्तू आवडल्यावर ती कुणी केली हे विचारा, आणि उत्तर ऐकून चव बदलली तर दोष जिभेला देऊ नका. आपल्या जेवणातली आमटी कुणाच्या हातची आहे हे मोठ्यानं सांगायला ज्या समाजाला लाज वाटते, त्या समाजानं आधी स्वतःचं नाव तपासून बघावं.